आधी नकार कुणी दिला

माझे बाबा आमच्या आजोळी पहिल्यांदा आले ते मावशीला बघायला. आईला नव्हे. ही गोष्ट आमच्या घरात कधी कुणी लपवली नाही. उलट दिवाळीच्या फराळाला, कुणाच्या मुंजीच्या आदल्या रात्री, लाइट गेल्यावर ती हमखास निघायची. आणि निघाली की शेवटी एकच वाद ठरलेला: आधी नकार कुणी दिला? बाबा म्हणायचे, आम्ही. मावशी म्हणायची, आम्ही. आई स्वयंपाकघरात काहीतरी ढवळत असायची.

तो १९६६ चा उन्हाळा. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका वाड्याचा वरचा मजला. आजोबा संस्थानाच्या खानगी खात्यात, म्हणजे राजवाड्याच्या खाजगी कारभारात, कारकून होते. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, खातं गेलं, पण त्यांची पगडी खुंटीवर राहिली आणि ‘सरकार’ हा शब्द त्यांच्या तोंडी फक्त सयाजीराव महाराजांसाठी राहिला. दिल्लीतल्या सरकारला ते ‘ती मंडळी’ म्हणत. बाबा अमळनेरचे. प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसात नुकतेच चिकटलेले, रावपुऱ्यात मामांकडे राहणारे. मामांना ऐन वेळी ताप आला म्हणून एकटेच आले, सायकलवरून. जिना चढले, चपला काढल्या, सतरंजीवर बसले. उजव्या पायाची पँट घोट्यापाशी लोखंडी क्लिपमध्ये तशीच आवळलेली.

मावशी समोर पेटीपाशी. मुलगी गाते असं नुसतं सांगून तेव्हा भागत नसे, आणि ती तर सूरसागराकाठच्या म्युझिक कॉलेजात शिकणारी. गवई मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेल्या गायनशाळेचं ते वाढलेलं रूप. तिथली मुलगी म्हटल्यावर ऐकणाऱ्यानेही जरा सावरून बसायचं असतं. तिने पद सुरू केलं. ध्रुवपद संपायच्या आत तिची नजर खाली गेली, क्लिप दिसली, आणि ती हसली. तोंडावर पदर धरून वगैरे नव्हे, चांगली खळखळून. पेटीचा भाता उघडाच राहिला.

बाबांनी खाली पाहिलं. मग म्हणाले, “क्लिप काढली की पँट चेनमध्ये जाते. आमच्याकडे बग्गी नाही.”

आता यात बग्गी कशाला आणायची होती? पण आणली, आणि ती नेमकी आजोबांना जाऊन लागली. खानगी खात्याच्या माणसासमोर बग्गीचं नाव असं काढायचं? पोहे झाले, चहा झाला, ‘कळवतो’ झालं. वाडा आणि मामांचं घर यांत चालत दहा मिनिटांचं अंतर. तरी नकार तोंडी देत नाहीत, म्हणून दोन्हीकडून पोस्टकार्डं निघाली. दोन्ही एकाच दिवशी पोचली. दोन्हींत तेच एक वाक्य: पत्रिका जुळत नाही. गंमत अशी, की बाबांची पत्रिका मामांनी अजून दिलेलीच नव्हती.

खटला इथे सुरू झाला. पोस्टाचा शिक्का कुणाचा आधीचा? कार्डं तर कधीच हरवली होती.

गेल्या उन्हाळ्यात हे सगळं पुन्हा वर आलं ते एका सिनेमामुळे. ‘संगीत मानापमान’. सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला, १० जानेवारी २०२५ रोजी प्रदर्शित झालेला. मावशी आता ब्याऐंशीची आहे, गुडघ्यांनी थिएटरच्या पायऱ्यांना कायमचा राम राम केलाय. म्हणून तिच्या कारेलीबागेतल्या फ्लॅटवर, खिडकीत ओला वाळ्याचा पडदा सोडून, दुपारी दीडला आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो. मधे सेव-उसळीची वाटी. मावशीला डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, ती म्हणते, “एमां शुं? नाटक बघताना चालतं.” सिनेमाला ती नाटकच म्हणते.

आणि या बाबतीत तिचं चुकतही नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आलं, किर्लोस्कर मंडळीकडून. खाडिलकर केसरीतले, टिळकांचे. त्यांच्या ‘कीचकवधा’वर इंग्रजांनी आदल्याच वर्षी बंदी घातलेली. असा माणूस एकदम प्रेमाचं, रुसव्याफुगव्याचं संगीत नाटक लिहायला बसतो आणि पदांना चाली द्यायला पेटीवाले गोविंदराव टेंबे येतात. गोष्ट तशी चार ओळींची. काकासाहेबांची मुलगी भामिनी, श्रीमंत आणि त्याची जाणीव असलेली. वडिलांनी तिच्यासाठी धैर्यधर निवडलेला, शूर पण गरीब. ती त्याच्या गरिबीचा अपमान करते. तो उलटून तिचा अपमान करतो. मग ती वनमाला बनून, साध्या वेषात, छावणीवर जाते. ज्याला हिणवलं त्याच्या पराक्रमावर भाळते, आणि त्यालाही ही साधी मुलगी आवडू लागते. मधे लक्ष्मीधर नावाचा एक भित्रा, पैसेवाला उमेदवार लुडबुडत असतो, ज्याच्यामुळे प्रेक्षक हसतात आणि धैर्यधर आणखी उंच वाटतो.

सिनेमात त्या लक्ष्मीधराच्या जागी चंद्रविलास आहे, सुमीत राघवन यांनी केलेला. हा बदल मला सुरुवातीला खटकला. लक्ष्मीधर हा नुसता विनोद होता. चंद्रविलास हा डाव टाकणारा माणूस आहे. त्याच्यामुळे प्रेमाच्या गोष्टीत स्पर्धा शिरते, आणि स्पर्धा शिरली की धैर्यधराला भामिनीपेक्षा चंद्रविलासाकडे जास्त बघावं लागतं. मग तलवारी, घोडे, मोठमोठे महाल. वैदेही परशुरामी भामिनी म्हणून उभी छान राहते, तिची मान कशी ताठ आहे ते बघत राहावं. पण तिच्या रागाला पुरेसा वेळ मिळत नाही. खाडिलकरांनी भामिनीला तिच्या माजासकट मनसोक्त चुकू दिलं होतं. आजच्या पटकथेला नायिका तेवढा वेळ चुकीची ठेवायला भीती वाटते, असं मला वाटतं. ती गर्विष्ठ आहे हे कळतं ना कळतं तोच ती प्रेमळही आहे हे आपल्याला सांगून टाकायची घाई.

मावशीचं मत वेगळं. ती म्हणाली, “दोन माणसांनी एकमेकांना टाकून बोलायचं, एवढंच नाटक आहे. बाकी सगळी पदं.”

पदांच्या बाबतीत ती हट्टी. शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत मला ठिकठिकाणी आवडलं. जुन्या चालीला हात लावताना ते भ्यायले नाहीत आणि फार लाडातही आले नाहीत. मावशी मात्र प्रत्येक जुन्या पदाला डावा हात मांडीवर आपटून ताल धरायची आणि नवं गाणं आलं की वाटीतली सेव वेचायची. नापसंती दाखवायची ही तिची जुनी पद्धत. पाहुणे कंटाळवाणं बोलू लागले की ती असंच काहीतरी वेचते.

मध्यंतरासारखं म्हणून मी टीव्ही थांबवला, चहा केला, तेव्हा तिने ‘संयुक्त’चा विषय काढला. तिच्या लहानपणी आजोबा ही गोष्ट सांगत, आणि सांगताना उठून उभे राहत. ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. एक गंधर्व नाटक मंडळीचे, एक ललितकलादर्शचे. दोघांच्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक, दोघांचे चाहते एकमेकांचं तोंड न बघणारे. आणि त्या रात्री तेच दोघं एकमेकांच्या प्रेमात पडणार होते, स्टेजवर, पदांमधून. एकाने तान घेतली की दुसऱ्याने कशी उत्तर द्यायची यावर प्रेक्षक आधीपासूनच पैजा लावून बसले असणार. मला नेहमी वाटतं, त्या रात्रीचं खरं नाटक ‘मानापमान’ नव्हतंच. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांत गेले, ४ ऑक्टोबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

आजोबा तेव्हा जेमतेम शाळकरी. तो प्रयोग त्यांनी पाहिलेला नव्हता. पण बालगंधर्व बडोद्यात पाहिले, असं ते सांगत. बडोद्याच्या प्रत्येक मराठी घरात कुणीतरी बालगंधर्व पाहिलेले असतात. गंधर्व मंडळीला महाराजांचा राजाश्रय होता, त्यामुळे ही बढाई अगदीच हवेतली नसते. मंडळींच्या पडद्यामागचं काही ऐकायचं तर तेही घराघरांत साठवलेलं असे. पहिल्या ‘मानापमाना’च्या दिवशीच बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही गोष्ट आजी जात्याच्या ओवीसारखी सांगायची. २०११ साली सुबोध भाव्यांनीच पडद्यावर बालगंधर्व केले होते. तेव्हा त्यांच्या अंगावर भामिनीचा शालू होता, आता धैर्यधराची तलवार. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे दोन्ही बाजूंनी भांडून झालं त्याचं.”

१९११ या सालाचं मला वेड आहे. मी ते लपवत नाही.

त्या वर्षी मार्चच्या १२ तारखेला मुंबईत भामिनीने बापाने ठरवलेल्या मुलाला तोंडावर नाकारलं. बरोबर नऊ महिन्यांनी, १२ डिसेंबरला, दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला. देशातले राजे एकेक करून पुढे यायचे, लवून मुजरा करायचा, पाठ न दाखवता मागे सरायचं. सयाजीराव महाराज पुढे गेले, एकदा वाकले आणि पाठ फिरवून चालू लागले. लंडनच्या वर्तमानपत्रांनी रान उठवलं. महाराजांनी व्हाइसरॉयला लिहून कळवलं की अपमानाचा हेतू नव्हता. हेतू होता की नव्हता यावर आमच्या दांडिया बाजारात अजून तास-तासभर बोलता येतं. आजोबांचं म्हणणं ठाम: “सरकारांनी पाठ दाखवली. आणि बरं केलं.” अपमान झाला नाही असं म्हणणाऱ्याशी ते बोलत नसत.

पण त्याच दरबाराच्या गर्दीत आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती आजोबा अर्धीच सांगत. महाराजांची एकुलती एक मुलगी, इंदिराराजे. वय १९. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी लग्न ठरलेलं. माधवराव तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, आधीची राणी हयात. तालेवार स्थळ, याहून तालेवार मराठ्यांत दुसरं नव्हतं. बडोद्यात लग्नाची तयारी सुरू. दिल्लीत इंदिराराजांची कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी गाठ पडली. ते धाकटे राजपुत्र, बंगालचे, ब्राह्मो समाजाच्या घरातले. परत आल्यावर मुलीने कुणालाही न विचारता ग्वाल्हेरला पत्र लिहिलं. लग्न होणार नाही. बडोद्याच्या महालात कळलं ते ग्वाल्हेरहून महाराजांना तार आली तेव्हा: राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय?

त्या तारेचा विचार मी कितीदा तरी केलाय. एवढा मोठा राजा, आणि त्याला अर्थ कळत नाही. कळायचं काय त्यात? मुलगी नाही म्हणाली. पण नकार मुलीकडून थेट, स्वतःच्या अक्षरात, येऊ शकतो हीच गोष्ट इतकी नवी होती की तिचा अर्थ बापाला विचारावा लागला.

आणि बाप कोण? ज्याने १९०४ साली संस्थानात बालविवाहाला कायद्याने बंदी केली. १९०६ मध्ये मुलींसकट सगळ्यांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पुढे १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आणला. देशभरात तो यायला १९५५ उजाडावं लागलं. तोच बाप या लग्नाच्या विरोधात उभा राहिला. दीड वर्ष ओढाताण चालली. १९१३ मध्ये लंडनला लग्न लागलं तेव्हा आई-वडील नव्हते. दोन महिन्यांत जितेंद्रांचे थोरले भाऊ वारले आणि इंदिराराजे कूचबिहारच्या महाराणी झाल्या. जयपूरच्या गायत्रीदेवी त्यांची मुलगी. आजोबांच्या गोष्टीत इंदिराराजे लंडनला जात, आणि तिथून थेट गायत्रीदेवींचा जन्म होई. मधलं पत्र, तार, रडारड, काही नाही. मला ते पत्र फार उशिरा, नोकरीला लागल्यावर वाचनात सापडलं.

भामिनीचं आणि इंदिराराजांचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही, हे मला कळतं. एक कागदावरची, एक हाडामांसाची. एकीने गरीब म्हणून नाकारलं, दुसरीने राजा असूनही नाकारलं. पण त्याच एका वर्षात मराठी माणसांनी एक नकार टाळ्या वाजवून ऐकला आणि दुसऱ्यावर माना खाली घातल्या. फरक कुठे होता? भामिनी शेवटी बापाने निवडलेल्याच मुलाच्या गळ्यात माळ घालते. नाटक इतकी वर्षं चाललं ते काही उगीच नाही.

हेच मी मावशीला चहा पिताना सांगत होते. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

सिनेमात मला एक गोष्ट फारच कमी वाटली ती म्हणजे नातेवाईक. मराठी लग्नाची गोष्ट आणि त्यात मानपान नाही? आमच्याकडे प्रेम, स्पर्धा वगैरे दोन दिवसांत संपतं. मानपान आयुष्यभर पुरतो. विहिणीला साडी कुठली दिली, थोरल्या जावयाला टोपी आधी की धाकट्याला, पत्रिकेत नावं कुठल्या क्रमाने छापली, पहिली पंगत कुणाची. हे सगळं चंद्रविलासाच्या कारस्थानापेक्षा बारीक विणीचं असतं. बाबा आणि मावशी यांचं मानापमान याच शेतात पिकलं.

कारण झालं असं. त्या पोस्टकार्डांनंतर तीन-चार महिन्यांनी, गणपतीत, मामांकडून पुन्हा निरोप आला. धाकट्या मुलीचं बघत असाल तर... धाकटी म्हणजे माझी आई. त्या दिवशी पोह्यांच्या बश्या तिने आणलेल्या. आजोबा भडकले. थोरलीला नाकारून धाकटीला मागतो? आजी म्हणाली, नाकारलं ते आपण. असं घरातच दोन पक्ष झाले. मग थोरलीचं लग्न आधी उरकलं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, वकील. न्यायमंदिराच्या कोर्टात त्यांची वकिली, पान जमवून खाणारे, अत्यंत शांत गृहस्थ. संसार चांगला झाला, यात कुणाला शंका नको. आईचं लग्न १९६८ मध्ये. त्या लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा, एरवी नवरीच्या भावाचा, मान मावशीकडे आला. तिने तो असा पिळला की फोटोत बाबांचं तोंड वाकडं आलंय. फोटो अजून आहे.

पुढची चाळीस वर्षं बाबा प्रत्येक कार्याचं पहिलं आमंत्रण मावशीला स्वतः जाऊन द्यायचे, अक्षता घेऊन, आणि मावशी दरवेळी म्हणायची, “बघू, जमलं तर.” माझ्या लग्नात छपाईवाल्याने गडबड केली, आप्तेष्टांच्या यादीत तिचं आणि काकांचं नाव गळलं. ती आली, नेसली-सवरली, रुखवत मांडला, आणि जेवायला बसेना. पंगती उठत होत्या, ती खांबाला टेकून पाकळ्या वेचत होती. शेवटी बाबा स्वतः ताट वाढून घेऊन तिच्यापुढे उभे राहिले. काही बोलले नाहीत. मावशीने त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, “क्लिप काढलीत का?” सगळा हॉल हसला. बाबाही. ती जेवली. मी मुंडावळ्यांच्या आडून हे पाहिलं आणि मला ते तेव्हा नुसतंच मजेदार वाटलं.

बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यानंतर खटला बंदच पडला. प्रतिवादी गेल्यावर काका म्हणत तसा दावा ‘अॅबेट’ होतो. मग काकाही गेले.

तर, सिनेमा. शेवट अर्थातच गोड होतो. लढाई, उलगडा, माफी, मीलन. टीव्ही बंद केला तरी मावशी पडद्याकडे बघत होती. वाळ्याचा वास, पंख्याचा खटखट आवाज, खाली भाजीवाल्याची गुजराती हाळी. मग तिने अगदी खालच्या सुरात, आवाज आता फाटलाय तरी जागच्या जागी लावून, एक ओळ म्हटली. “नाही मी बोलत नाथा.” एवढीच. पुढे गेली नाही.

मी म्हटलं, “छान. पुढे?”

“पुढे कधी आलंच नाही.”

मला कळेना. ती म्हणाली, “त्या दिवशी हेच पद होतं. तुझ्या बाबांसमोर. एवढंच झालं आणि मला हसू आलं.”

मी हसले. म्हटलं, “आणि मग तू नकार दिलास.”

तिने माझ्याकडे बघितलं. ती बघते तेव्हा भुवई एकच वर जाते, आईची दोन्ही जातात. म्हणाली, “मी कुठे दिला? कार्ड तुझ्या आजोबांनी लिहिलं. त्यांना बग्गी लागली होती. मी आत गेले ते चूळ भरायला, हसून हसून ठसका लागलेला. बाहेर आले तर कार्ड पेटीत टाकायला गडी निघालेला.”

“तुला विचारलं नाही?”

“कोण विचारतंय? मी हसले ना. हसली म्हणजे नको, असं त्यांनी धरलं.”

“आणि तुला...”

“हसले म्हणजे नको, असं तुला कुणी सांगितलं गं?” ती म्हणाली, आणि बश्या उचलायला लागली.

पन्नास वर्षं हे माणूस ‘आधी नकार आम्ही दिला’ म्हणून भांडत होतं. ‘आम्ही’ म्हणत होतं. आम्हाला वाटायचं, बडोदेकरी तोरा, स्वतःला आदरार्थी बोलायची खोड. मी तिच्या हातातून बश्या घेतल्या, धुतल्या, उलट्या घातल्या. दुसरं काय करणार? ती तोवर मोठ्याने, नेहमीच्या आवाजात, सिनेमातल्या दागिन्यांवर बोलत होती. नथ मोत्यांची नाही, प्लास्टिकची वाटते. भामिनीने वनमाला झाल्यावर हिरव्या बांगड्या तशाच ठेवायला नको होत्या, कुणीही ओळखलं असतं. त्या बांगड्यांचं काही मला आठवत नव्हतं. तिने बहुतेक दुसऱ्याच कुठल्या प्रयोगातली भामिनी मधे घातली होती.

संध्याकाळी मांजलपूरला घरी आले. आई मेथी निवडत बसलेली. ऊन उतरलं तरी फरशी तापलेली होती. रिक्षात मी ठरवलं होतं की काही सांगायचं नाही.

“कसं होतं?” आईने विचारलं.

“बरं होतं. फार मोठं होतं. लढाया बऱ्याच.”

“ताई गायली का?”

“एक ओळ.”

“कुठली?”

मी सांगितली. आईने मेथीची एक काडी उजेडाकडे धरून पाहिली, पिवळं पान खुडलं.

“तेवढीच म्हणायची ती,” आई म्हणाली. “मी पोहे घेऊन दारात उभी होते ना. ती काय हसली होती त्या दिवशी. अशी हसलेली मी तिला पुन्हा पाहिली नाही.”

मी काही बोलले नाही. तिने जुडी संपवली, देठं वर्तमानपत्रात गुंडाळली.

“उद्या थोडी मेथी नेऊन दे तिला,” म्हणाली. “आणि सांग, मी निवडून दिलीय.”